दातांवरचे किटण आणि डीप क्लीनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी 'डीप क्लीनिंग करावे लागेल' असे सांगितले की बहुतेकांच्या मनात दोन शंका येतात. याची खरोखर गरज आहे का, ही पहिली. आणि याने दात सैल तर होणार नाहीत ना, ही दुसरी. या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे खाली सविस्तर दिली आहेत. बाकीचे प्रश्नही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक नेहमी विचारतात तेच आहेत.

डीप क्लीनिंग म्हणजे नेमके काय? नेहमीच्या क्लीनिंगपेक्षा ते वेगळे कसे?

नेहमीच्या क्लीनिंगमध्ये, म्हणजे साध्या स्केलिंगमध्ये, दाताच्या दिसणाऱ्या भागावरचे आणि हिरडीच्या काठाला लागून असलेले किटण काढले जाते. डीप क्लीनिंगमध्ये हिरडीच्या आत, दाताच्या मुळावर चिकटलेले किटण आणि जंतूंचा थर काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ केला जातो. दंतवैद्यकाच्या भाषेत याला 'स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग' म्हणतात. पहिला उपचार प्रामुख्याने प्रतिबंधासाठी असतो. दुसरा मात्र झालेल्या आजारावरचा उपचार आहे, आणि तो आजार म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पायोरिया म्हटले जाते तो हिरड्यांचा व दाताभोवतीच्या हाडाचा विकार. म्हणून 'साधे नको, डीपच करा' अशी मागणी करण्यात अर्थ नसतो. आजार नसेल तर डीप क्लीनिंगचे काही कामच नाही.

प्लाक आणि किटण यांत फरक काय?

प्लाक हा मऊ, चिकट आणि जवळजवळ रंगहीन थर असतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो हाच. त्यात अन्नाचे कण अडकत असले तरी तो मुळात अन्नाचा थर नव्हे, तर जंतूंची वसाहत आहे. दात घासल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा वसू लागते. ब्रशने प्लाक निघतो.

तो निघाला नाही, तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसू लागतात आणि एक-दोन दिवसांतच तो कडक होण्यास सुरुवात होते. पुढच्या साधारण दोन आठवड्यांत त्याचे पक्के किटण बनते. हिरडीच्या वरचे किटण पांढरट-पिवळे असते आणि चहा, तंबाखू, पान यांमुळे पुढे काळपट होते. हिरडीच्या आतले किटण गडद तपकिरी किंवा काळपट-हिरवे असते, अधिक कठीण असते आणि मुळाला जास्त घट्ट धरून बसते. ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे आरशात पाहून 'माझे दात तर स्वच्छ आहेत' असा निष्कर्ष काढता येत नाही.

किटण स्वतः दात पोखरत नाही. त्याचा खरा उपद्रव हा की त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्यावर नवा प्लाक सहज बसतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर एकदा क्षाराचा थर धरला की शेवाळ तेथेच आधी चढते, तसाच हा प्रकार आहे.

मी रोज दोनदा दात घासतो. तरी किटण का होते?

बहुधा ब्रश सगळीकडे पोचत नाही म्हणून. किटण तोंडात सर्वत्र सारखे साचत नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या, जिभेकडच्या बाजूला ते सर्वांत जास्त असते, आणि त्याखालोखाल वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळग्रंथींच्या नलिका नेमक्या याच दोन ठिकाणी तोंडात उघडतात, त्यामुळे खनिजांचा पुरवठा येथे सतत होत राहतो. त्यातही खालच्या दातांची मागची बाजू ही बहुतेकांच्या ब्रशिंगमधली विसरलेली जागा असते. काहींच्या लाळेतच खनिजे अधिक असल्याने काळजी घेऊनही त्यांना किटण लवकर धरते. दाटीवाटीचे वेडेवाकडे दात, तारा लावलेले दात आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय यांमुळेही त्यात भर पडते.

शिवाय दोन दातांमधल्या फटीत ब्रशचे केस शिरत नाहीत. हिरडीचा आजार बहुतेक वेळा याच फटीत सुरू होतो.

मला डीप क्लीनिंगची गरज आहे, हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे लांबवून देत आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही एक उथळ खाच असते. आजारात हिरडी मुळापासून सुटत जाते, ही खाच खोल होते आणि तिचा खिसा बनतो. त्यालाच 'पॉकेट' म्हणतात. त्याची खोली मोजण्यासाठी प्रोब नावाची बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळी वापरतात. ती हिरडीच्या काठातून हळुवार आत सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतले जाते. तोंडात ३२ दात असतील तर असे १९२ आकडे होतात. डॉक्टर आकडे मोठ्याने सांगत असतात आणि सहायक ते लिहून घेत असतो, ही त्याची नेहमीची पद्धत. १ ते ३ मिलिमीटर हे माप निरोगी समजले जाते. ४ मिलिमीटरला सावध व्हावे लागते. ५ आणि त्यापुढचे आकडे, त्यातही प्रोब लावताच रक्त येत असेल, तर डीप क्लीनिंगचा विषय निघणे योग्यच आहे.

याच्या जोडीला एक्स-रे लागतो, कारण हाड किती झिजले हे त्यातच दिसते. निरोगी स्थितीत हाडाची कड ही दाताचे इनॅमल (वरचे कठीण कवच) जेथे संपते त्या रेषेच्या साधारण १ ते २ मिलिमीटर खाली असते. ती जितकी खाली गेलेली, तितका आजार पुढे गेलेला. दात हलतात का आणि दाढेच्या मुळांमधल्या बेचक्यापर्यंत आजार पोचला आहे का, हेही तपासले जाते.

माझे स्पष्ट मत असे आहे की माप न घेता सुचवलेले डीप क्लीनिंग म्हणजे वजन न करता सांगितलेला भाव. 'माझे पॉकेट किती मिलिमीटरचे आहेत आणि कुठल्या दातांपाशी आहेत?' असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर हा आकडा आनंदाने दाखवतो. ज्या जागी पॉकेट उथळ आहे तेथे मूळ खरवडणे निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही ठरू शकते. स्वीडनचे दंतसंशोधक यान लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केलेल्या अभ्यासात ही सीमारेषा साधारण २.९ मिलिमीटरपाशी आढळली होती : तिच्याहून उथळ जागी रूट प्लॅनिंग केल्यास हिरडीची दाताशी असलेली पकड उलट कमी होत होती. म्हणजे संपूर्ण तोंडाला सरसकट डीप क्लीनिंग हा पर्याय क्वचितच बरोबर असतो. जेथे पॉकेट आहे तेथेच ते करायचे असते.

मला काहीच दुखत नाही. मग उपचार कशाला?

हा आजार बहुतेक काळ दुखतच नाही, आणि त्यातच त्याचा धोका आहे. कीड लागलेली दाढ रात्री झोपू देत नाही. हाड झिजत असलेला दात मात्र वर्षानुवर्षे गप्प असतो. ब्रश करताना रक्त येणे, तोंडाला वास येणे, हिरडी लालसर व फुगीर दिसणे, दात लांब झाल्यासारखे वाटणे, समोरच्या दातांत नव्याने फट पडणे, चावताना एखादा दात दबल्यासारखा वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. पू येणे आणि दात हलणे या पुढच्या पायऱ्या.

हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हारल्ड ल्यो यांनी डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे केलेला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हिरडीची सूज, म्हणजे जिंजिव्हायटिस, पूर्ण बरी होते हे त्यातून स्पष्ट झाले.

पण सूज हाडापर्यंत पोचली की गोष्ट बदलते, आणि ती प्रत्येकाच्या बाबतीत सारखी बदलत नाही. ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचा १९७० पासून १५ वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यापैकी कोणी ब्रश वापरत नव्हते, कोणाला दातांचे उपचार मिळत नव्हते, आणि किटण सर्वांच्याच दातांवर होते. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांत आजार वेगाने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. 'आमच्या आजोबांनी कधी डॉक्टर पाहिला नाही, तरी नव्वदीपर्यंत ऊस सोलून खात होते' असे जे सांगितले जाते, ते खोटे नसते. ते आजोबा या ११ टक्क्यांतले असतात. आपण कोणत्या गटातले आहोत हे अंदाजाने कळत नाही, त्यासाठी मापच घ्यावे लागते.

दात साफ केल्याने दात सैल होतात का? फटी पडतात का?

हा समज इतका पक्का आहे की अनेक जण त्यापायी दहा-दहा वर्षे उपचार टाळतात. त्यामागचा अनुभव खरा असतो, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा असतो. किटण जास्त साचले की ते दोन दातांमधल्या फटीत सिमेंटसारखे भरते आणि शेजारचे दात एकमेकांना जखडून ठेवते. खाली हाड झिजलेले असते, पण वरून दात घट्ट वाटतात. किटण काढताच हा खोटा आधार जातो आणि आधीपासून सैल असलेला दात सैल आहे हे प्रथमच जाणवते. फटीचेही तसेच आहे. हाड आणि हिरडी खाली गेल्याने फट आधीच पडलेली असते; ती किटणाने आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेली असते. उपचारानंतर सूज ओसरते, हिरडी आक्रसते आणि दातांच्या मधोमध छोटे काळे त्रिकोण दिसू लागतात. ते बरे होण्याचेच लक्षण आहे, पण समोरच्या दातांत असले की मनाला लागते, हे मान्य केले पाहिजे. उपचारापूर्वीच डॉक्टरांनी रुग्णाला हे सांगून ठेवावे. बरेच गैरसमज केवळ ते न सांगितल्यामुळे होतात.

थोडेफार हलणारे दात सूज उतरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा घट्ट होतात, असाही अनुभव नेहमी येतो. फार हलणाऱ्या दातांना मात्र शेजारच्या दातांशी बांधून आधार द्यावा लागतो.

इनॅमल झिजते का?

योग्य रीतीने केलेल्या स्केलिंगने नाही. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, आणि स्केलरचे, म्हणजे किटण काढण्याच्या साधनाचे, टोक दातावर दाबून धरायचे नसते, पृष्ठभागाला समांतर ठेवून हलके फिरवायचे असते. मुळावर इनॅमल नसते, म्हणून तेथे अधिक हलका हात लागतो. पूर्वी मुळावरचा सिमेंटमचा थर खरवडून गुळगुळीत करण्यावर भर असे; आता तितके खरवडण्याची गरज नाही असे मानले जाते.

दात पांढरे होतील का?

किटण आणि वरवरचे डाग गेल्याने ते उजळ दिसतील, पण दाताचा मूळ रंग बदलणार नाही. त्यासाठीचे ब्लीचिंग हा वेगळा उपचार आहे आणि हिरड्यांचा आजार आटोक्यात येण्यापूर्वी तो करू नये.

प्रत्यक्षात काय केले जाते? दुखते का?

ज्या भागावर काम करायचे आहे तेथे भुलीचे इंजेक्शन दिले जाते. आपल्याकडे त्यासाठी बहुधा लिग्नोकेन वापरतात. सुई टोचताना क्षणभर कळ येते. पुढे दाब आणि कंप जाणवतो, वेदना जाणवू नये. जाणवली तर हात वर करून सांगावे, निमूटपणे सहन करू नये. ओठ आणि जीभ दोन-तीन तास बधिर राहतात, म्हणून तोवर गरम चहा घेऊ नये आणि काही चावूनही खाऊ नये, नाहीतर नकळत गाल चावला जातो.

काम दोन प्रकारच्या साधनांनी होते. अल्ट्रासॉनिक स्केलरचे टोक सेकंदाला सुमारे २५ ते ५० हजार वेळा कंप पावते आणि किटण फोडते. त्यातून सतत उडणारे पाणी टोक थंड ठेवते आणि सुटलेले तुकडे धुऊन काढते. त्यानंतर क्युरेट ही वक्र, धारदार हाताची हत्यारे वापरतात. ग्रेसी क्युरेटच्या संचात पुढचे दात, दाढांची पुढची बाजू, मागची बाजू अशा प्रत्येक जागेसाठी वेगळा वाक असलेले हत्यार असते. हिरडीच्या आतले किटण डोळ्यांना दिसत नाही. ते हत्याराच्या टोकाला जाणवणाऱ्या खडबडीवरून ओळखावे लागते. त्यामुळे हे काम वेळखाऊ आहे आणि घाईचे नाही. चारही बाजूंचे डीप क्लीनिंग वीस मिनिटांत झाले असे कोणी सांगितले, तर ते साधे स्केलिंग असण्याची शक्यता अधिक आहे.

किती बैठका लागतात?

सामान्यतः तोंडाचे चार भाग कल्पून एका बैठकीत एक किंवा दोन भाग घेतले जातात आणि प्रत्येक भागाला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे दोन ते चार बैठका होतात. २४ तासांच्या आत सगळे तोंड पूर्ण करण्याचीही पद्धत आहे. बेल्जियममधील लूव्हेन येथे ती १९९० च्या दशकात मांडली गेली. दोन्हींच्या परिणामांत फारसा फरक आढळत नाही, त्यामुळे तुमची सोय आणि प्रकृती पाहून ठरवावे.

मला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे. मी हे करून घेऊ शकतो का?

बहुतेक वेळा होय, पण आधी सगळे सांगावे लागते. घरात चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. नावे आठवण्यापेक्षा ते सोपे पडते.

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि जखम उशिरा भरते. उलट हिरड्यांतली दीर्घकाळची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची पातळी दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी कमी झाले. हा फरक मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. मधुमेही रुग्णाने शक्यतो सकाळची वेळ घ्यावी आणि नेहमीचा नाश्ता व औषध घेऊनच यावे. उपाशी येऊ नये.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना बहुधा क्लीनिंग करता येते. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, पाहून निर्णय घेतात. हृदयात कृत्रिम झडप असेल, पूर्वी हृदयाच्या आतील आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा काही जन्मजात हृदयदोष असतील, तर उपचाराआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. संधिवातज्वराने झडप बिघडली असल्यास आणि पेसमेकर असल्यासही आधी सांगावे. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनमुळे आणि फिट्सवरच्या फेनिटॉइनमुळे काहींच्या हिरड्या फुगतात. तेथे क्लीनिंगबरोबर औषध बदलता येईल का, हे फिजिशियनला विचारावे लागते.

गरोदरपणात चालते का?

चालते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. या काळात संप्रेरकांमुळे हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण वाढते, आणि 'बाळंतपणात दात जातातच' असे समजून ते सोडून दिले जाते, हे बरोबर नाही.

मी तंबाखू खातो किंवा मिसरी लावतो. त्याने काय फरक पडतो?

फार फरक पडतो. धूम्रपानाने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते आणि हिरडी फिकट, घट्ट, जणू निरोगी दिसते. आतून हाड मात्र झिजत असते, आणि उपचारानंतर पॉकेट भरून येण्याचे प्रमाण अशा रुग्णांत कमी राहते. गालात तंबाखू-चुन्याची चिमूट धरणाऱ्यांची हिरडी नेमकी त्याच जागी खाली सरकते.

मिसरी किंवा मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, हे आपल्याकडे अजूनही अनेक घरांत लक्षात घेतले जात नाही. ती 'दात घासायची पूड' समजली जाते. पिढ्यान्‌पिढ्या बायका सकाळी ती लावत आल्या आणि तिच्या तलफेला स्वच्छतेचे नाव मिळाले. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारतात १९९२ मध्येच बंदी आली आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावरही. पण घरच्या तव्यावर भाजलेली मिसरी कोणत्याही बंदीत अडकत नाही. डीप क्लीनिंग करून मिसरी चालू ठेवणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की उपचाराचा बराचसा पैसा वाया जाईल. शिवाय तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर क्लीनिंगआधी त्याची तपासणी व्हायला हवी.

घरच्या घरी किटण काढता येते का?

येत नाही. प्लाक काढता येतो, किटण नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा तत्सम आंबट पदार्थ दातांवर चोळल्याने किटणाआधी इनॅमल विरघळते. मीठ, कोळसा, विटेची पूड आणि राखुंडी यांचे कण खरखरीत असतात; त्यांनी दात तात्पुरते चकचकीत दिसतात आणि दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, खाचा पडतात. तेलाची चूळ धरण्याने तोंड ताजेतवाने वाटत असेल, तर ती जरूर धरावी. किटण त्याने सुटणार नाही. 'टार्टर कंट्रोल' असे लिहिलेल्या पेस्ट हिरडीच्या वर नवे किटण धरण्याचा वेग काहीसा कमी करतात, असलेले किटण काढत नाहीत. ऑनलाइन मिळणारे स्केलर आणि टोकदार आकड्यांचे संच घेऊन आरशासमोर बसण्याचा उद्योग करू नये. त्याने हिरडी फाटते आणि किटण आत ढकलले जाते.

प्राचीन वैद्यकाचा हवाला देऊन घरगुती उपाय सुचवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. सुश्रुतसंहितेत किटणाला 'दंतशर्करा' हे नाव आहे, आणि तेथे सांगितलेला उपचार लेप किंवा चूर्णाने ती विरघळवण्याचा नाही. दाताच्या मुळांना इजा न करता वैद्याने ती काढावी, आणि मग लाखेचे चूर्ण मधातून लावावे, असा आहे.

उपचारानंतर काय त्रास होतो आणि काय काळजी घ्यावी?

एक-दोन दिवस हिरड्या दुखऱ्या राहतात आणि थुंकीत रक्ताची किंचित छटा दिसते. थंड पाणी झोंबते, कारण इतके दिवस किटणाखाली झाकलेले मूळ आता उघडे असते. हे झोंबणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइड असलेल्या पेस्टचा त्यासाठी उपयोग होतो. रक्त थांबतच नसेल, सूज वाढत असेल किंवा ताप आला, तर लगेच दवाखान्याशी संपर्क साधावा.

पहिले दोन दिवस तिखट आणि कुरकुरीत पदार्थ टाळावेत. मऊ भात, खिचडी, दही चालते. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश लिहून दिले असेल तर ते सांगितले तितकेच दिवस, बहुधा दोन आठवड्यांपर्यंत, वापरावे. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. टूथपेस्टमधील घटकांनी त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश आणि हे माउथवॉश यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. हिरड्या दुखतात म्हणून ब्रश बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. मऊ ब्रशने त्याच रात्रीपासून हळुवार सुरुवात करावी. ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्याकडे ४५ अंशांत तिरके धरून छोट्या हालचाली कराव्यात. फटी मोठ्या असतील तर दातांत फिरवायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) फटीत फिरवायचा बारीक ब्रश अधिक चांगले काम करतो.

अँटिबायोटिक घ्यावे लागते का? लेझर जास्त चांगले का?

बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिकची गरज नसते. प्लाकमधील जंतू एकमेकांना चिकटून थरात राहतात आणि औषध त्या थरात नीट शिरत नाही. थर हाताने मोडावाच लागतो. वेगाने वाढणारा आजार किंवा गळू असेल तेव्हा डॉक्टर ते वेगळे ठरवतात. लेझर हा हाताच्या कामाला पर्याय नाही, आणि त्याची जोड दिल्याने फार मोठा अधिक लाभ होतो असेही दिसलेले नाही. केवळ लेझर आहे म्हणून दुप्पट खर्च करू नये.

उपचार यशस्वी झाला हे कसे कळते? पॉकेट तरीही खोल राहिले तर?

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तेच माप घेतात. त्याआधी घेत नाहीत, कारण ऊती भरून येत असतात. ४ ते ६ मिलिमीटरचे पॉकेट सरासरी एक-सव्वा मिलिमीटरने आणि ७ किंवा अधिक मिलिमीटरचे साधारण दोन मिलिमीटरने कमी होते. प्रोब लावल्यावर रक्त न येणे हे त्याहून मोलाचे लक्षण आहे. झिजलेले हाड सहसा परत येत नाही. झीज थांबली, हेच यश समजावे.

५ मिलिमीटरपेक्षा खोल पॉकेटच्या तळाशी हत्यार नीट पोचेलच असे नाही, विशेषतः दाढांच्या मुळांच्या बेचक्यात. मोजणीनंतरही ६ मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि रक्तस्राव उरला, तर हिरडी उचलून मूळ डोळ्यांसमोर स्वच्छ करण्याची फ्लॅप शस्त्रक्रिया सुचवली जाते. काही ठिकाणी हाडाची भर घालता येते, पण त्यासाठी हाडातल्या खड्ड्याचा आकार अनुकूल असावा लागतो.

पुन्हा कधी यायचे?

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, आणि स्थिती स्थिर राहिली तर पुढे चार ते सहा महिन्यांनी. पॉकेटमधले उपद्रवी जंतू काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पुन्हा वाढू लागतात, म्हणून हा कालावधी ठरला आहे. एकदा डीप क्लीनिंग करून तीन वर्षे न फिरकणारा रुग्ण बहुधा पुन्हा तेथेच येऊन पोचतो, जेथून त्याने सुरुवात केली होती.

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला साध्या क्लीनिंगसाठी गेल्यावर डीप क्लीनिंग सांगितले आणि मोठे बिल दाखवले. काय करावे?

परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार येतो. तेथे उपचारांना सांकेतिक क्रमांक असतात : प्रौढांचे साधे क्लीनिंग डी १११०, एका चतुर्थांशातील चार किंवा अधिक दातांचे डीप क्लीनिंग डी ४३४१, एक ते तीन दातांचे डी ४३४२, आणि त्यानंतरची देखभाल डी ४९१०. विमा कंपन्या डीप क्लीनिंगसाठी पॉकेटच्या मापांचा तक्ता आणि एक्स-रे मागतात, तेव्हा तेच कागद तिनेही मागून घ्यावेत. चारही भागांना डी ४३४१ लावले असेल आणि तक्त्यात सगळीकडे २ आणि ३ असे आकडे असतील, तर दुसरे मत घेणे योग्य. आकडे ५-६ असतील आणि एक्स-रेत हाड खाली गेलेले असेल, तर 'भारतात आल्यावर करू' म्हणून वर्षभर थांबू नये. भारतात करायचेच असेल, तर बैठका आणि चार-सहा आठवड्यांनंतरची मोजणी सुट्टीत बसते का, हे आधी पाहावे.

हे काम कोणाकडे करून घ्यावे? खर्च झेपत नसेल तर?

आजार मध्यम असेल तर अनुभवी बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी घेतलेले) डॉक्टर ते करू शकतात. खोल पॉकेट, हलणारे दात किंवा कमी वयात वेगाने झिजलेले हाड असेल, तर पेरिओडॉन्टिस्टकडे जावे. म्हणजे बीडीएसनंतर या विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेले तज्ज्ञ. खासगी दवाखान्यांचे दर शहरागणिक आणि दातांच्या संख्येनुसार बदलतात, म्हणून सुरुवातीलाच किती बैठका, किती दात आणि नंतरची मोजणी त्यात धरली आहे का, हे लेखी विचारावे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण मापांचा तक्ता तेथे नेमाने भरला जातो, कारण विद्यार्थ्याला तो शिक्षकांना दाखवावा लागतो. केसपेपरसाठी सकाळी लवकर जावे, जुने एक्स-रे सोबत न्यावेत आणि निघताना तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या वेळी वेगळा डॉक्टर समोर असला, तर तुलनेसाठी तोच उपयोगी पडतो.